रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : कामगारांचे गाऱ्हाणे कायद्यापर्यंत नेणारे सत्यशोधक



रविवारी तुम्ही मुलाबाळांना घेऊन विहारात वंदनेला बसता, वस्तीची सभा भरवता, गावाकडच्या नातलगांना भेटता. आठवड्याचा हा एक दिवस आपल्या हाती असतो म्हणून आपली कितीतरी समाजकार्ये पार पडतात. सरकारी कचेऱ्यांना व शाळांना रविवारची सुट्टी इंग्रजी अमदानीत पूर्वीपासून होती. परंतु गिरणीत राबणाऱ्या माणसाला ती नव्हती. त्याच्या पदरी ती पडली १८९० साली, आणि कायद्यात आली १८९१ साली. ती मालकांनी आपण होऊन दिली नाही आणि सरकारनेही दयाबुद्धीने दिली नाही. ती मागावी लागली, वारंवार मागावी लागली. ज्यांनी ती मागायला कामगारांना शिकविले त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र आज आपण पाहू.

जन्म आणि नोकरी

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. याच वर्षी जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे लक्षात ठेवा. लोखंडे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसर गावचे, जातीने फुलमाळी. पोटासाठी ते ठाण्यास येऊन राहिले होते. नारायणराव ठाण्यातच शिकले. त्या काळी बहुजन समाजातील मुलगा चार इयत्ता इंग्रजी शिकला की त्याच्यापुढे सरकारी किंवा रेल्वेची कारकुनी हीच वाट असे. त्याप्रमाणे त्यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी धरली. नंतर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारपाल, म्हणजे स्टोअरकीपर, झाले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्यात मोलाची ठरली. गिरणीत काय चालते हे त्यांनी पुस्तकात वाचले नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. भांडारपालाला मालाचा हिशेब कळतो, मालकाचे बोलणे कानावर पडते आणि कामगाराचे हालही दिसतात.

या सुमारास ते सत्यशोधक समाजात आले. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या या समाजाने शूद्रातिशूद्रांना भटभिक्षुकांच्या गुलामगिरीतून सोडविण्याचे व्रत घेतले होते. परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर ज्यांना आपले गुरू मानले ते हेच जोतीराव. लोखंडे हे त्यांचे मुंबईतील बिनीचे कार्यकर्ते झाले.

'दीनबंधू'चे संपादक

सत्यशोधक विचारांचे 'दीनबंधू' हे साप्ताहिक कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले होते. पैशाच्या तंगीने ते बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईस आणून चालविले. शेतकरी, कारागीर आणि गिरणी कामगार यांची गाऱ्हाणी छापणारे पत्र त्या वेळी विरळाच होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी आपला सारा वेळ या कार्याला दिला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा आरंभीचा भाग 'दीनबंधू'त आला. पण पुढचा भाग सरकारला झोंबेल या भीतीने लोखंडे छापण्यास कचरले. जोतीरावांना ते आवडले नाही. थोर माणसांचे चरित्र वाचताना त्यांच्या मर्यादाही आपण पाहाव्यात. त्यांचे देव्हारे करू नयेत. लोखंडे सरकारशी झगडा टाळणारे, सनदशीर मार्गाने चालणारे होते. त्याच मार्गाने त्यांनी किती मजल मारली ते आता पाहा.

गिरणीतला दिवस

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या भागांतून दुष्काळाने व कर्जाने गांजलेली माणसे मुंबईच्या वाटेला लागली. गिरणीत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की यंत्र चालू, मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास काम पडे. जेवणासाठी यंत्र थांबत नसे. साच्यावर कोणाला तरी उभे करून घास घ्यावा लागे. सणावाराला गिरणी बंद असली तरी साचे पुसण्यासाठी, तेल-सफाईसाठी कामगाराला बोलावीत आणि त्याचा अर्धा दिवस त्यातच जाई.

पगाराचीही तीच तऱ्हा. महिना संपला तरी पुढच्या महिन्यात कित्येक दिवस पगार हाती येत नसे. मधल्या काळात वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज. कापडात खोट निघाली तर दंड. ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. यंत्रात हात सापडून माणूस जायबंदी झाला तर तो आणि त्याचे नशीब!

सरकारने १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा केला होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, त्याला दिवसातून एक तास विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, असे त्यात होते. सात वर्षांचे मूल नऊ तास राबविणे कायदेशीर होते, यावरून बाकीचे समजून घ्या. मोठ्या माणसांच्या आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते.

कायदे करणारे कोण होते?

आज आपण मत देतो आणि आमदार-खासदार निवडतो. त्या वेळी साऱ्या देशाचे कायदे गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलात होत. तेथे निवडणूक नव्हती. बहुतेक सभासद गोरे अधिकारी आणि जे थोडे हिंदी लोक सरकार नेमी ते राजेरजवाडे, जमीनदार किंवा बडे व्यापारी. गिरणी कामगाराला मत नव्हते, कौन्सिलात त्याचा माणूस नव्हता, आणि कौन्सिलाची भाषाही त्याला येत नव्हती. अशा माणसाने आपले म्हणणे तेथवर न्यायचे तरी कसे?

वाटा तीनच होत्या. सरकारकडे अर्ज करणे, चौकशी कमिशनपुढे साक्ष देणे आणि वृत्तपत्रात लिहिणे. लोखंड्यांनी तिन्ही वाटा धरल्या.

१८८४ चा अर्ज

फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती हवी का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली एक कमिशन नेमले. मालकांची बाजू मांडायला त्यांची संघटना होती, वकील होते, इंग्रजी पत्रे होती. कामगार आहे त्यात सुखी आहे, त्याला कायद्याची गरज नाही, असे मालक सांगत. कामगार स्वतः बोलला नसता तर तेच खरे ठरले असते.

म्हणून लोखंड्यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात गिरणी कामगारांची सभा बोलावली आणि तीनच दिवसांनी दुसरी सभा घेतली. 'मुंबई गिरणी कामगार संघ' येथूनच धरतात आणि लोखंड्यांना हिंदी कामगार चळवळीचे जनक म्हणतात. सभेत ठरलेल्या मागण्यांचा अर्ज लिहिला गेला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांची नावे चढली. तो कमिशनकडे देण्यात आला. मागण्या पाच होत्या :

१. दर रविवारी सर्व कामगारांना पुरी सुट्टी मिळावी.
२. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
३. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.
४. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.
५. कामावर अपघात झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा; कायमचे अपंगत्व आल्यास पोटाची सोय व्हावी.

या मागण्या आज वाचताना तुम्हाला फार साध्या वाटतील. सूर्यास्तापर्यंत काम करू असे कामगार स्वतःच म्हणत होते! पण त्या वेळी संघटना करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण नव्हते. ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने मिळाले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी आपली नावे उघडपणे कागदावर चढवली, हेच मोठे धैर्य होते.

या संघाला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती, नियम नव्हते. म्हणून काही अभ्यासक त्याला आजच्या अर्थाने युनियन मानत नाहीत. त्यांचे म्हणणे चूक नाही. संप चालविण्याचे बळ त्या संघात नव्हते. पण कायदे करणाऱ्यांच्या दारात कामगारांच्या नावाने कोणीतरी उभे आहे, ही गोष्ट त्याने प्रथम घडवून आणली.

पाच वर्षे उत्तर नाही

अर्ज गेला, कमिशनचा अहवाल झाला आणि कागद थंड पडले. लोखंडे थांबले नाहीत. १८८९ साली कामगारांकडून सरकारकडे पुन्हा अर्ज गेला. मागण्या त्याच : सुट्टी, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई.

याच काळात विलायतेतील मँचेस्टर-लँकेशायरचे गिरणीमालक आपल्या पार्लमेंटवर दडपण आणीत होते. हिंदुस्थानातील गिरण्या वाटेल तितके तास चालतात म्हणून त्यांचा माल स्वस्त पडतो, तेव्हा तेथेही कायदा करा, असा त्यांचा हट्ट होता. त्यांना आपल्या कामगाराचा कळवळा नव्हता, आपल्या धंद्याची काळजी होती. त्यामुळे आपल्याकडील बहुतेक देशी वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. हा देशी उद्योग बुडविण्याचा डाव आहे असे ती लिहीत.

वाचकहो, येथे लोखंड्यांची खरी कसोटी होती. कायदा मागावा तर देशद्रोही ठरण्याचा धोका, आणि गप्प बसावे तर सात वर्षांचे मूल साच्याखाली. लोखंड्यांनी कायदा मागितला. मँचेस्टरवाल्याचा स्वार्थ साधतो म्हणून कामगाराची भूक खोटी होत नाही. देशाचा उद्योग वाढावा हे खरे, पण तो माणसाच्या हाडांवर का वाढावा? हाच प्रश्न पुढे बाबासाहेबांनाही अनेकदा विचारावा लागला. दलितांनी आपले गाऱ्हाणे मांडले की त्यांना देशहिताच्या नावाखाली गप्प करण्याची रीत किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

दहा हजारांची सभा

१८९० च्या आरंभी कायद्याच्या दुरुस्तीचे बिल गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात आले. आता नुसता अर्ज पुरणार नव्हता. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंड्यांनी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरविली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या वेळच्या उच्चवर्णीय घरांत बाई माजघराबाहेर येत नव्हती आणि गिरणीतली बाई हजारोंच्या समोर उभी राहून सुट्टी मागत होती. आपल्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे.

साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे देण्यात आला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षांपूर्वीच्या पाच मागण्यांतील पहिली पदरात पडली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले. मुंबईपुरते स्थानिक सभासद म्हणून लोखंड्यांना त्यात घेण्यात आले. जो माणूस १८८४ साली कमिशनच्या दाराशी अर्ज घेऊन उभा होता, तो १८९० साली कमिशनमध्ये बसून कामगारांची साक्ष ऐकू लागला.

मार्च १८९१ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. नऊ वर्षांखालील मुलांना बंदी, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास. स्त्रियांना जास्तीत जास्त अकरा तास आणि दीड तास विश्रांती. सर्वांना आठवड्यातून एक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. पहिल्या दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात आल्या.

इतर कार्य आणि अखेर

लोखंड्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. १८९० सालीच त्यांनी मुंबईच्या नाभिक बंधूंना एकत्र आणले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा त्यांचा निर्धार घडवून आणला. याही ठिकाणी त्यांनी ज्याच्या हातात काम आहे त्याच्याशीच बोलणी केली. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा करण्यासाठी ते झटले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरण्या ओस पडू लागल्या, माणसे गावाकडे पळाली. लोखंडे पळाले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी इस्पितळ उभारले आणि शुश्रूषेच्या कामात गढून गेले. त्यातच प्लेगने त्यांना गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई फुलेही पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. २००५ साली भारत सरकारने लोखंड्यांचे टपाल तिकीट काढले.

उरलेल्या तीन मागण्यांचे काय झाले?

लोखंडे गेले, पण अर्जातील मागण्या जिवंत राहिल्या. गिरणीत पुरुष कामगाराच्या कामाला बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. पगार ठरलेल्या तारखेच्या आत देण्याचा कायदा १९३६ साली झाला. म्हणजे परळच्या सभेनंतर पाचवी मागणी पदरात पडायला एकोणचाळीस आणि चौथी पडायला बावन्न वर्षे लागली. ज्यांनी त्या अर्जावर नावे चढवली त्यांतील बहुतेकांना ती फळे दिसली नसतील. ती त्यांच्या मुलानातवंडांनी चाखली.

आणखी एक दुःखाची बाब आपण झाकून ठेवू नये. त्या पाच मागण्यांत अस्पृश्य कामगाराच्या खास गाऱ्हाण्याला जागा नव्हती. गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त मिळे. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या लोकांना त्या खात्यात शिरू देत नसत. मालकाशी लढताना एक होणारे हात धाग्यापाशी येऊन दूर होत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. साळखाते आमच्या माणसांना खुले करा, नाहीतर तुमच्या संपात आमचे हित कोणते, असा त्यांचा सवाल होता. कामगारांची एकी जातीला हात न लावता टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

अर्जापासून आसनापर्यंत

ज्या परळमध्ये १८८४ ची सभा भरली, त्याच परळच्या चाळीत बाबासाहेब कामगारांच्या शेजारी अनेक वर्षे राहिले. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी एका परिषदेत बसले आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे बिल त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला.

बंधुभगिनींनो, या दोन वर्षांमधले अंतर मोजा. १८८४ साली कामगार कायदे करणाऱ्यांच्या दाराबाहेर अर्ज घेऊन उभा होता. १९४२ साली ज्यांना गिरणीतल्या धाग्यालाही शिवू देत नव्हते त्यांच्यातला माणूस त्या दाराच्या आत बसून कायदा लिहीत होता. अठ्ठावन्न वर्षांची ही वाट कोणा देवाच्या कृपेने सरली नाही. सभा भरल्या, अर्ज लिहिले, नावे चढली, साक्षी झाल्या, मुले शिकली, तेव्हा ती सरली.

परळच्या त्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर त्यांतील बहुतेक एकामागून एक बंद पडल्या. तेथल्या कामगारांची मुले-नातवंडे आज सफाईत, बांधकामावर, गोदामात, कंत्राटी नोकरीत आहेत. पगार वेळेवर न मिळणे, सुट्टी बुडणे, अपघातानंतर मालकाने हात वर करणे हे त्यांच्याही वाट्याला येते. तुमच्या घरात असे कोणी असेल तर त्याच्याशी बोला. त्याच्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधा, मागण्या क्रमवार लिहून काढा, खाली सर्वांच्या सह्या घ्या, अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तुमच्या मतावर निवडून गेलेल्या आमदार-खासदाराच्या हाती तो द्या. उत्तर आले नाही तर दुसरा अर्ज करा. लोखंड्यांच्या कामगारांना मत नव्हते, तुम्हाला आहे.

आणि घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सांगा की वस्तीतला पहिला अर्ज तू लिहून दे. शिकण्याचा उपयोग तेथून सुरू होतो.